पीएच.डी.चा फॉर्म भरण्याआधी : ठाणे-नवी मुंबईच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

एम.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला की बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी, झूलॉजी, बायोकेमिस्ट्रीची मुलं-मुली हमखास विचारतात, "पीएच.डी. करायची आहे, विषय कुठला घेऊ?" माझ्या मते विषयाचा नंबर बराच नंतर लागतो. हे काम रोज, वर्षानुवर्षं करायला आपल्याला आवडेल का, हे सगळ्यात आधी तपासायचं. त्यानंतर गाईड आणि लॅब. मग पैसे कुठून येणार त्याची सोय. एवढं जमलं की विषय त्यातूनच निघतो, कारण आरोग्य आणि जीवविज्ञानात विषय बहुतेक वेळा लॅबच्या चालू कामाचाच एक फाटा असतो. या लेखातल्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी : आधी बेंचवर काम करून बघा

कॉलेजचं प्रॅक्टिकल आणि लॅबमधलं काम यांत फार मोठं अंतर आहे. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, दोन तासांत जर्नलवर सही होते. लॅबमध्ये काय होतं ते सांगतो. माणसाच्या पेशी वाढवायच्या म्हणजे इनक्युबेटर ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवायचा, दर दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलायचं, फ्लास्क भरत आला की पेशी स्प्लिट करायच्या. आणि एका सकाळी फ्लास्क हातात घेतला की काल लालसर दिसणारं मीडियम पिवळं, गढूळ झालेलं दिसतं. जंतुसंसर्ग. फ्लास्कमध्ये ब्लीच ओतायचं, इनक्युबेटरचे ट्रे काढून पुसायचे, शेजारच्यांना सांगायचं, लिक्विड नायट्रोजनच्या टाकीतून नवी व्हायल काढायची. महिन्याभराचं काम पुन्हा पहिल्यापासून. अशा दिवशी रडू येणं साहजिक आहे. पण दुसऱ्या दिवशी "हे आलं कुठून?" हा प्रश्न डोक्यात घोळत राहिला, तर तुमचा पिंड संशोधनाचा आहे असं खुशाल समजा.

हा अनुभव पीएच.डी.ला नाव घालण्याआधी घ्यायचा. तो घेण्याचे रस्ते आपल्याच भागात आहेत. बी.एस्सी.ला असाल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या एनआययूएस या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमाकडे लक्ष ठेवा. केंद्र वाशी खाडीपुलाच्या पलीकडे लगेचच आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, त्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करता येतं. अर्ज मात्र उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, साधारण दिवाळीच्या आसपास भरावा लागतो, आणि बहुतेक मुलं इथेच चुकतात. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही अल्पमुदतीची संशोधन योजना आहे. कामोठ्याच्या, नेरूळच्या किंवा कळव्याच्या मेडिकल कॉलेजात शिकत असाल तर आपल्या विभागातल्या प्राध्यापकांना त्याबद्दल दुसऱ्या वर्षीच विचारा.

एम.एस्सी.चं डिझर्टेशन हा सगळ्यात मोठा मोका. कॉलेजातच उरकून टाकण्यापेक्षा बाहेरच्या संशोधन संस्थेत जागा मिळते का ते बघा. त्यासाठी सहा-आठ महिने आधी मेल करावे लागतात, प्राचार्यांचं पत्र लागतं, काही ठिकाणी फीही असते. डिझर्टेशन हुकलं असेल तर प्रोजेक्ट असिस्टंट किंवा प्रोजेक्ट जेआरएफच्या (कनिष्ठ संशोधन फेलो) जागा बघा. संस्थांच्या संकेतस्थळांवर वॉक-इन इंटरव्ह्यूच्या जाहिराती वर्षभर येत असतात. वर्षभर असं काम केलेल्या मुलाची पीएच.डी.ची मुलाखत आणि थेट कॉलेजातून आलेल्याची मुलाखत यांतला फरक पॅनेलला पाच मिनिटांत कळतो.

दुसरी पायरी : कुठे काय आहे

ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना पुण्या-बंगळुरूचीच स्वप्नं जास्त पडतात. जरूर जा. पण लोकलच्या अंतरावर काय आहे तेही माहीत असू द्या.

खारघरला ॲक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियल सेंटरचा संशोधन विभाग. कर्करोगाच्या मूलभूत संशोधनापासून रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत सगळं एका आवारात चालतं. भारतातली पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याची) २०२१ मध्ये इथल्याच बोन मॅरो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये रुग्णाला दिली गेली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या त्या कामातूनच पुढे २०२३ मध्ये देशी कार-टी उपचाराला मान्यता मिळाली. पवईच्या लॅबमधली कल्पना खारघरच्या वॉर्डात पोचली, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर पीएच.डी.चे विद्यार्थी राबत होते. ॲक्ट्रेकची पीएच.डी. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट या अभिमत विद्यापीठातून होते. ट्रॉम्बेच्या डोंगराआडच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचंही तेच विद्यापीठ.

परळला हाफकिन संस्था आहे. तिथेच आयसीएमआरची प्रजनन आणि बाल आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे, आणि केईएमच्या आवारात रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांत रस असेल तर ही शेवटची विसरू नका. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा लाइफ सायन्सेस विभाग आणि मूलभूत विज्ञानाचं सेब्स हे केंद्र. कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पवईला आयआयटीचा बायोसायन्सेस आणि बायोइंजिनीअरिंग विभाग, माटुंग्याला आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था). नवी मुंबईत सीबीडी बेलापूर, नेरूळ आणि कामोठे इथे अभिमत विद्यापीठांचे बायोटेक आणि वैद्यकीय विभाग आहेत.

रोजच्या येण्याजाण्याचा विचार आत्ताच करा. ठाण्याहून खारघरला पनवेल लोकल थेट जाते. पण डोंबिवली-कल्याणहून कुलाबा गाठणं पाच वर्षं रोज जमत नाही. पेशींना रविवार कळत नाही आणि ट्रान्स-हार्बरचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो. हॉस्टेल आहे का, नसेल तर चौघांत मिळून खारघर किंवा कोपरखैरण्याला खोली परवडेल का, हे घरच्यांशी बसून बोला. विशेषतः मुलींच्या घरी रात्री उशिरापर्यंतच्या प्रयोगांबद्दल आधीच बोलणं झालेलं असलं की पुढचे तंटे टळतात.

तिसरी पायरी : परीक्षा

यावर फार शाई खर्च करणार नाही, कारण यूट्यूबवर याच्याशिवाय दुसरं काही नसतं.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग ए मध्ये २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भाग बी मध्ये ५० पैकी ३५, प्रत्येकी २ गुण. भाग सी मध्ये ७५ पैकी फक्त २५, पण प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निम्मे गुण शेवटच्या भागात आहेत, आणि तिथे पाठांतर चालत नाही. जेलचं चित्र, एखादा आलेख, प्रयोगाची मांडणी देतात आणि निष्कर्ष विचारतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिस्सा कापतात. म्हणून भाग सी साठी सगळा अभ्यासक्रम थोडा थोडा करण्यापेक्षा सहा-सात घटक तळापर्यंत करा. पहिल्या पायरीवर हात ओले केलेले असतील तर त्याचा फायदा इथेही होतोच.

२०२४ पासून नेटच्या निकालाचे तीन गट असतात : जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश यांसाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांना विद्यापीठात प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि पीएच.डी. प्रवेशापुरता हा निकाल एक वर्ष चालतो. याशिवाय जैवतंत्रज्ञान विभागाची बेट, गेटमधले बीटी आणि एक्सएल हे पेपर, आणि टीआयएफआरची जेजीईईबीआयएलएस ही प्रवेश परीक्षा आहे. सगळ्या द्यायची गरज नाही. आपल्याला हव्या असलेल्या चार संस्थांची मागच्या वर्षीची जाहिरात उघडा, त्या कुठली परीक्षा मानतात ते बघा आणि तेवढ्याच द्या.

चौथी पायरी : गाईड निवडणं

इथे घाई करू नका. नेटचा निकाल लागला की मुलं मिळेल त्या लॅबमध्ये शिरतात, आणि तिसऱ्या वर्षी मला फोन करतात. चांगली संस्था आणि न जमणारा गाईड यांपेक्षा साधी संस्था आणि सांभाळून घेणारा, वेळेवर वाचून देणारा गाईड कधीही बरा, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात शोधगंगेपासून करा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. गाईडचं नाव टाका आणि त्यांच्या हाताखाली झालेला अलीकडचा एखादा प्रबंध उघडा. निष्कर्ष सध्या बाजूला ठेवा. पुढची पानं बघा : नोंदणी कधीची, सादर कधी केला. मागची पानं बघा : शोधनिबंध किती, त्यात विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे का, जर्नल कुठली. मग आभाराचं पान सावकाश वाचा. त्यात लॅबमेट कोण कोण होते, कुठल्या संस्थेशी एकत्र काम चालायचं, कुठल्या यंत्रासाठी दुसरीकडे जावं लागायचं, फेलोशिप कोणाची होती, सगळं सापडतं. त्यातल्या दोन-तीन जणांना लिंक्डइनवर शोधा. ते आज कुठे आहेत, यावरून लॅबबद्दल जेवढं कळतं तेवढं संस्थेच्या माहितीपत्रकातून कळत नाही.

मग मेल. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग" अशा मेलला उत्तर येत नाही. शास्त्रज्ञांना असे मेल रोज येतात, आणि एकच मेल पन्नास जणांना धाडलेला ओळखू येतो. तुमच्या मेलमध्ये चार गोष्टी असाव्यात. तुम्ही कोण आणि आत्ता कुठे आहात. त्यांचा अलीकडचा कुठला निबंध वाचला आणि त्यातल्या कुठल्या आकृतीवर तुम्हाला काय प्रश्न पडला. तुम्हाला हाताने काय येतं : पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री, आर किंवा पायथन, जे खरंच येतं तेवढंच. आणि येत्या वर्षात लॅबमध्ये जागा आहे का, हा सरळ प्रश्न. दहा-बारा ओळींच्या वर जाऊ नका. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, मग पुढे जा.

बोलावलं तर लॅब बघायची परवानगी मागा आणि डोळे उघडे ठेवा. उणे ८० च्या फ्रीझरमधल्या खोक्यांवर नाव-तारीख आहे का? लॅब नोटबुकं जागच्या जागी आहेत का? शेवटची लॅब मीटिंग कधी झाली? नंतर एखाद्या सीनिअरला कँटीनमध्ये चहाला घेऊन जा. सर-मॅडम समोर नसताना विचारायचे प्रश्न असे : मसुदा वाचून परत यायला किती दिवस लागतात? सुट्टी मागितली तर काय म्हणतात? एकाच विषयावर दोघांना लावतात का? कोणी मध्येच सोडून गेलं का, आणि का? उत्तर देताना सीनिअर घुटमळला, विषय बदलला, तर तेही उत्तरच आहे.

एक तांत्रिक गोष्टही विचारून घ्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. जागा खरंच रिकामी आहे का, आणि गाईडच्या निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत, हे प्रवेशाआधी कळलं पाहिजे. हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

पाचवी पायरी : पैसे

फेलोशिपशिवाय पीएच.डी.त उडी घेऊ नका. घरची परिस्थिती उत्तम असेल तरी माझा सल्ला हाच. १ जानेवारी २०२३ पासून केंद्रीय फेलोशिपमध्ये जेआरएफला दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलो) ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता असतो. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग कामाचा आढावा घेऊन एसआरएफ. नेटची जेआरएफ नसेल तर विद्यापीठात पहिले आलेल्यांसाठी इन्स्पायर ही केंद्राची फेलोशिप आहे. महाराष्ट्र सरकारच्या संस्थाही आहेत : अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. यांच्या जाहिराती येतात आणि मुदत बघता बघता निघून जाते. पीएच.डी.ची नोंदणी झाल्याचा कागद हातात असल्याशिवाय यातल्या बऱ्याच ठिकाणी अर्ज करता येत नाही, म्हणून नोंदणीचं पत्र विभागात पाठपुरावा करून लवकर मिळवा.

फेलोशिप दरमहा पहिल्या तारखेला येतेच असं नाही. कधी तीन-चार महिन्यांची एकदम जमा होते. सुरुवातीच्या चार महिन्यांचं भाडं आणि डबा निघेल एवढी पुंजी जवळ असू द्या. प्रोजेक्टमधून पगार मिळणार असेल तर प्रोजेक्टची मुदत कधी संपते ते विचारा आणि उत्तर मेलवर मागा.

सहावी पायरी : पहिलं वर्ष

यूजीसीच्या नियमांत पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं आहे. महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना आणखी २ वर्षांची सवलत मिळते, आणि महिलांना २४० दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा घेता येते. प्रवेशाच्या वयातच लग्नाची बोलणी सुरू होतात, त्यामुळे मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हा नियम माहीत करून घ्यावा. रजा ही कोणाची मेहेरबानी नाही.

किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क पहिल्या वर्षातच उरकतं. खरा वेळ खातात त्या परवानग्या. रुग्णांचं रक्त, ट्यूमरचा तुकडा, साधी प्रश्नावली, माणसाशी संबंधित काहीही असलं तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय एकही नमुना घेता येत नाही. उंदरांवर प्रयोग करायचे तर प्राणी नैतिकता समिती, जनुकांत बदल केलेले जीव वापरायचे तर जैवसुरक्षा समिती. रुग्णांवर उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी लागते. या समित्या ठरावीक काळाने बसतात, शंका काढतात, अर्ज परत येतो. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर होईपर्यंत वाट न बघता कोर्सवर्क चालू असतानाच हे अर्ज लिहायला घ्या. लिहिताना तुमचा प्रयोगही तुम्हाला स्पष्ट होतो : किती नमुने, का तेवढेच, नको म्हणणाऱ्या रुग्णाचं काय. संमतीपत्र मराठीत लागतं. ते स्वतः लिहा आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवा. त्यांना कळलं नाही तर ओपीडीतल्या बाईंनाही कळणार नाही.

नोटबुकात तारीख, अँटिबॉडीचा लॉट नंबर, पेशींचा पॅसेज नंबर आणि न जमलेला प्रयोगही त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी "हा ब्लॉट कुठल्या सॅम्पलचा?" असं आढावा समितीने विचारलं की स्मरणशक्ती कामाला येत नाही.

शोधनिबंधांचं थोडक्यात

२०२२ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही केंद्रीय अट राहिलेली नाही, पण संस्था आपली अट घालू शकते. तुमच्या संस्थेची अट लेखी मागवा. "सात दिवसांत प्रकाशन, फी अमुक" असे मेल आणि व्हॉट्सॲप संदेश येतात, त्यांना बळी पडू नका. यूजीसीने विश्वासार्ह जर्नलांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता स्वतःच करावी लागते. जर्नल पबमेड, स्कोपस किंवा डीओएजे या जर्नल-सूचींमध्ये आहे का ते थेट त्या त्या संकेतस्थळावर जाऊन बघा, जर्नलच्या मुखपृष्ठावर छापलंय म्हणून मानू नका. संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या संस्थेच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का ते शोधा. एक वाईट निबंध पुढची कितीतरी वर्षं बायोडेटावर राहतो.

पीएच.डी.नंतर

प्राध्यापकी हवी असेल तर डोळसपणे या. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, पण आपल्याकडच्या अनुदानित कॉलेजांत कायम जागा कमी निघतात आणि दरम्यान अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात. २०२३ पासून या पदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, म्हणून पीएच.डी. चालू असतानाच सेट देऊन टाका. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. संशोधनातच राहायचं तर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधन नेमणूक) लागतो, आणि त्याचे अर्ज प्रबंध देण्याच्या वर्षभर आधीपासून सुरू करायचे. रबाळे-महापेच्या पट्ट्यातल्या आणि मुंबईतल्या कंपन्यांत क्वालिटी, क्लिनिकल रिसर्च, रेग्युलेटरी, मेडिकल रायटिंग अशी कामं आहेत. तिकडे गेलेल्यांना "वाया गेला" म्हणणारे सर अजूनही भेटतात. ते चूक आहेत. तीन वर्षांनी कंपनीत जायचं ठरवलंत तर ते तुमच्या गाईडला लवकर सांगा, म्हणजे प्रबंधाचा आवाका त्या बेताने आखता येतो.

आणि कागदपत्रं. यावरून दरवर्षी हाती आलेली जागा जाते. केंद्राच्या संस्थांना इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो, महाराष्ट्राचा नॉन-क्रिमीलेअर दाखला तिथे चालत नाही. दोन्ही वेगवेगळे काढा, आणि दोन्हींची मुदत बघा. जात वैधता प्रमाणपत्र, मायग्रेशन, एम.एस्सी.च्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, सीजीपीएचे टक्के करून दिल्याचं विद्यापीठाचं पत्र, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. सेतू केंद्रात जून-जुलैत रांगा लागतात, तेव्हा दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच टाका.